मक्याची पिशवी खतात विरघळत का नाही?

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम आहेत. गेल्या वर्षी सगळ्यांनी वर्गणी काढून त्या हिरव्या 'मक्याच्या' पिशव्या घेतल्या, साध्या पिशवीपेक्षा महाग, पण म्हटलं चला पर्यावरणासाठी. आठ महिन्यांनी खत चाळलं तर चाळणीत पिशव्यांच्या चिंध्या! दुकानदार म्हणतो १८० दिवसांत गायब होते. आम्हाला गंडवलंय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, गंडवलंच असेल असं नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितलीये. ते १८० दिवस आले कुठून तर प्रयोगशाळेतल्या चाचणीतून. तिथे माल सतत ५८ अंशांच्या आसपास गरम ठेवलेल्या कंपोस्टमध्ये टाकतात आणि सहा महिन्यांत त्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला की पास. आता तुमचा ड्रम आठवा. भाजीची देठं, चहाचा चोथा, वर कोकोपीट, हात घातला तर कोमट लागतो, फार तर दोन-चार दिवस चांगला तापतो आणि मग गार. एवढ्यावर ही पिशवी फाटते, चुरगळते, पण संपत नाही. तिला मोठा कंपोस्ट प्लांट लागतो, जिथे ढीगच्या ढीग आठवडेच्या आठवडे तापलेले असतात.

आणि 'मक्याची' म्हणजे काय तेही ऐका. मक्याच्या स्टार्चची किंवा उसाची साखर जिवाणूंना खायला घालतात, ते लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे आपल्या दह्यात असतं तेच, आणि त्याच्या लांब साखळ्या जोडल्या की झालं पीएलए. (जेजुरीला प्राज कंपनीने याच कामाचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केला, म्हणजे हे काही फार लांबचं राहिलेलं नाही.) पण नुसतं पीएलए कडक असतं, पिशवी केली तर कडाकड वाजेल आणि फाटेल, म्हणून पिशवीत पीबॅट नावाचा मऊ पदार्थ मिसळतात आणि तो बहुतेक वेळा चक्क खनिज तेलापासून केलेला असतो! तरी तो कंपोस्ट होतो. उलट उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिन ब्राझीलमध्ये बनतं, ते शंभर टक्के वनस्पतीचं, आणि कुजायच्या बाबतीत मात्र साध्या पॉलिथिनसारखंच ढिम्म. थोडक्यात कशापासून बनलं आणि कुजतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दुकानात दोन्हीला मिळून एकच हिरवं पान छापलेलं असतं.

पुढच्या वेळी पिशवीवर 'आयएस/आयएसओ १७०८८' (कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचं मानक) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सर्टिफिकेट नंबर शोधा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'ऑक्सो' लिहिलं असेल तर परत ठेवा, ऑक्सो म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन घातलेलं साधंच प्लॅस्टिक, त्या पिशवीचा फक्त भुगा होतो. खरं सांगू का, ड्रमसाठी पिशवी हवीच कशाला? बादलीत तळाला वर्तमानपत्र घाला, आठवड्यातून एकदा धुवा. मी स्वतः एक पीएलएचा चमचा तुळशीच्या कुंडीत पुरून बघितला होता, पुढच्या पावसाळ्यात कुंडी बदलताना निघाला तेव्हा धुवून वापरता आला असता. चाळलेल्या चिंध्या सुक्या कचऱ्यात द्या, पण पाण्याच्या बाटल्यांबरोबर एकत्र नको, त्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीईटीच्या (PET), रिसायकलिंगमध्ये पीएलए मिसळलं तर सगळा लॉट खराब होतो.

प्रश्न : माझी चहा-नाश्त्याची गाडी आहे. पीएलएचे पारदर्शक ग्लास चहाला चालतील का? बंदीत बसतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चहाला नाही हो, पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं, कटिंग ओतलात की ग्लास मान टाकेल. ताक, सरबत, कोकमाला मस्त. बंदीचं म्हणाल तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे देशभर बंद आहेत, सर्टिफिकेट असलेल्या कंपोस्टेबल मालाला त्यातून सूट आहे. पण गाडीवर तपासणीला आलेल्या माणसाला दोन्ही ग्लास दिसायला सारखेच, तेव्हा खोक्यावरचं लेबल आणि बिल गाडीतच ठेवा. चहाला आपले काचेचे ग्लासच बरे, विसळायला एक पोरगा जास्त लागेल.