रोजचे छोटे चित्र : सुरुवात करताना

घर सांभाळून रोज एक जलरंगचित्र करण्याचा आपला संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. कागद पोस्टकार्डाएवढा, साधारण ४ बाय ६ इंचांचा, पण ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद घ्यावा; पातळ कागद पाण्याने फुगतो आणि नवशिक्याला दोष आपल्या हाताचा वाटतो. पिवळा, लाल, निळा हे तीन रंग आणि एक मध्यम गोल ब्रश पुरे. सारे एका ताटात मांडून ठेवावे, म्हणजे कोणी हाक मारली तरी उचलून ठेवता येते. विषय घरातच असतात : चिरलेले लिंबू, पितळी तांब्या, मुलांच्या ओल्या चपला.

सुरुवातीला बहुतेकांची चूक एकच होते, ती म्हणजे पहिला थर अर्धवट ओला असतानाच पुन्हा ब्रश फिरवणे, ज्यामुळे रंग गढूळ होतो. थर पूर्ण वाळू द्यावा; तेवढ्या वेळात कुकर लावून यावा. तांब्यावरच्या चकाकीसाठी कागद कोराच सोडावा.