केबिन बॅग भरण्याआधी

पहिलाच विमानप्रवास ना? मग बॅग भरण्याआधी ती रिकामीच काट्यावर ठेवून बघ. बऱ्याच कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोच देतात आणि चाकांची दणकट बॅग त्यातले अडीच-तीन किलो स्वतःच खाते. मापं घेताना चाकं आणि हँडलही धर. मी एकदा नुसतं खोकं मोजलं आणि गेटवर मुकाट्याने जादा पैसे भरले. वर शेजारच्याची माझ्याहून फुगलेली बॅग कुणी बघितलीही नाही! हे असंच असतं, वाद घालू नकोस.

एकाच प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील, तर ज्यांचा नियम कडक त्याप्रमाणे भर.

पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात, म्हणजे काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, कधीच टाकायची नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) सहसा विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. गेटवर ऐनवेळी बॅग खाली पाठवायला लावली, तर पॉवर बँक आधी काढून घे. औषधं, चार्जर, कागदपत्रंही. म्हणून हे सगळं एका छोट्या पिशवीत घालून बॅगेत अगदी वर ठेव.

द्रवाची बाटली सहसा १०० मिलीपर्यंतचीच हवी. मोठी बाटली अर्धी रिकामी असली तरी बऱ्याच ठिकाणी काढून घेतात.