केळेवाली राहून गेली

पोरी,

ललिता पवारांवरचा तुझा लेख दोनदा वाचला. तुझी भाषा चांगली आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहितो. निम्मा लेख त्या एका थपडेत गेलाय आणि उरलेला बराचसा शेवटच्या एकाकी दिवसांत. मधल्या आयुष्यात बाईंनी काय काम केलं, ते कुठे आहे?

थप्पड खरीच. 1942 साली चित्रीकरणात भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि उपचारांत तीनेक वर्षं गेली. तो अपघात होता. भगवानदादांना खलनायक करू नकोस, तेही पुढे फार सोसलेले गृहस्थ. पण मूकपटांच्या काळापासून नायिका असलेल्या या बाईचं नायिकापण एका दिवसात संपलं, तेव्हा तिने काय केलं? तोच बारीक झालेला डोळा कामाला लावला. खाष्ट सासू अशी उभी केली की बायका थिएटरात बोटं मोडायच्या. आणि त्याच डोळ्याने 'अनाडी'तली मिसेस डीसा इतकी मायाळू केली की 'फिल्मफेअर' मिळालं.

'श्री 420'मधली केळेवाली तर तू पार विसरलीस. रावेरची पोर असून! माझ्या वडिलांचं उभं आयुष्य केळीच्या बागेत गेलं. यात्रेतल्या तंबूत तो सिनेमा लागला होता. राज कपूरशी भावावरून हुज्जत घालणारी ती बाई बघून वडील मला कोपराने ढोसत म्हणाले, "हे बाई बजारात बसेल हाये." सिनेमाबद्दल त्याआधी किंवा नंतर त्यांनी कधी मत दिल्याचं मला आठवत नाही. येवल्यात जन्मलेली एक नटी रावेरच्या शेतकऱ्याला आपल्यातली वाटली, याहून मोठी श्रद्धांजली मला तरी लिहिता आलेली नाही.

आता माझी चूक सांगतो. पुरवणी सांभाळायला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका जुन्या नटाच्या निधनावर लिहिताना 'अखेरीस अन्नाला महाग झाले' असं ठोकून दिलं. कानावर आलं होतं, विचारलं कोणालाच नाही. आठवड्याने त्यांच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं. शाई मधेच फिसकटलेली होती, मजकूर एवढाच: "बाबांच्या ताटात रोज दोन भाज्या असत. मी वाढत होते." ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कलावंताचं हलाखीचं मरण वाचकाला आवडतं, आणि म्हणूनच ते लिहिण्याआधी घरच्या माणसाला विचारायचं.

तारखा-जन्मगावांचंही तेच. स्मिता पाटील 'शिरपुरात जन्मली' असं तू ओघात लिहिलंस. घराणं शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील तिथले, पण तिचा जन्म पुण्याचा, 17 ऑक्टोबर 1955. आपलेपणाच्या भरात जन्मगाव बदलू नये. तिच्यावर कधी लिहिलंस तर 'अवघ्या 31व्या वर्षी गेली' हे एकदाच लिही आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या मुलीपासून 'भूमिका' आणि 'चक्र'च्या दोन राष्ट्रीय पुरस्कारांपर्यंतचा रस्ता नीट दाखव.

लेख परत पाठवतोय. दोन माणसांना भेटल्याशिवाय हात लावू नकोस. पहिली तुझी आजी. 1987 साली 'रामायण' लागायचं तेव्हा गल्लीत टीव्ही कोणाकडे होता, ललिताबाईंची मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली तेव्हा ओसरीवर कोण काय बोललं, ते तिच्याच शब्दांत उतरव. तिची बोली सुधारू नकोस.

दुसरे, भुसावळच्या थिएटरात मशीन चालवणारे ते जुने ऑपरेटर. चालू खेळात रीळ तुटलं की फिल्मचा काठ खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि खाली शिट्ट्या वाजत असताना मशीन पुन्हा सुरू करायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. ललिताबाईंच्या कोणत्या प्रसंगाला लोक पडद्यावर ओरडायचे, हे त्यांनी केबिनच्या झरोक्यातून पाहिलंय. दुपारी चारनंतर जा, त्याआधी ते झोपलेले असतात. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बस.

तुझा,
काका