लॉनमधला लव्हाळा कितीही उपटला तरी पुन्हा का येतो?

तुम्ही लिहिलंय, की लॉन कापल्यावर दोनच दिवसांत काही पाती बाकीच्यांच्या वर डोकं काढतात, आणि माळी उपटून गेला की थोड्याच दिवसांत दुप्पट होतात. हा बहुतेक लव्हाळा. तुऱ्याची दांडी दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर नक्की तोच. गवताची काडी गोल नाहीतर चपटी असते.

मुळात हे गवतच नाही. एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद काढून बघा. बारीक दोऱ्यासारखी मुळी, तिला काळपट गाठ, तिथून पुढे दुसरा दोरा, दुसरी गाठ, अशी माळच असते. गाठ नखाने खरवडली तर उटण्याचा वास येतो. उटण्यातला नागरमोथा याच घराण्यातला. हाताने ओढलं की पात हातात येते, दोरा तुटतो आणि मागे झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून दुप्पट.

आमची लॉन जेमतेम अर्धा गुंठा. लव्हाळा आला भरावाच्या लाल मातीतून. पहिलं वर्षभर मी महिन्यातून एकदा नेटाने उपटत होतो आणि तो वाढतच होता. चूक उपटण्यात नव्हती, महिनाभर थांबण्यात होती. नवा कोंब सुरुवातीला गाठीतली शिदोरी खाऊन वाढतो. पुढे पानं स्वतः कमवायला लागली की तो जमिनीत नव्या गाठी भरू लागतो. मग मी दर दहा-बारा दिवसांनी, अरुंद खुरपं खोल घालून काढायला लागलो. दुसऱ्या पावसाळ्यात फरक दिसला. कुंपणाकडेला मात्र तो अजून येतोच.

पाणी रोज देत असाल तर कमी करा, ओल त्याला फार मानवते. लॉन अगदी बोडकी कापू नका. दाट सावलीत लव्हाळा दबतो.

औषधच हवं असेल तर उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के वापरतात, एकरी ३६ ग्रॅम. म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमही नाही! आमच्या लॉनसाठी सोनाराचा काटा आणावा लागला असता, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. तुमची लॉन मोठी असेल तर तुमच्या जातीच्या गवतावर चालतं का, हे कृषी सेवा केंद्रात विचारा आणि आधी कोपऱ्यात मारून बघा. ग्लायफोसेट नको, त्याने लॉनच जळते.

तण हरळी निघालं तर गोष्ट वेगळी. गवतातलं गवत निवडून मारणारं औषध घरगुती लॉनसाठी मला तरी मिळालं नाही. हरळी पेरापेराने मुळं धरते, त्यामुळे धावती काडी शेवटपर्यंत सोडवत न्यायची. गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत, एवढाच फायदा.

आणि काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, स्लॅबवर कडक उन्हात वाळवा. मी खड्ड्यात टाकल्या, ते खत गुलाबांना घातलं, आणि आता गुलाबाच्या वाफ्यातही लव्हाळा आहे.