पिवळा झेंडा पडलाच नाही, त्याचं काय?

प्रश्न : दादा, मी अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स टीमचा फॅन, नागपुरात आम्ही असे मोजकेच. जानेवारी 2019 ची ती एनएफसी चॅम्पियनशिपची मॅच, समोर रॅम्सची टीम, जिंकेल तो सुपर बोल म्हणजे फायनलमध्ये, आपल्याकडे सोमवारची पहाट, सगळं घर झोपलेलं न् मी स्वेटर घालून टीव्हीचा आवाज बारीक करून बघतोय, 20-20 बरोबरी, दोन मिनिटंही उरली नाहीत, टॉमीली लुईसकडे पास येतोय आणि बॉल पोचायच्या आधीच रॅम्सचा रोबी-कोलमन येऊन त्याला उडवतो, तरी फाउलचा पिवळा झेंडा नाही! मित्र म्हणतो रेफरीला काऊन बोलतोस, आपला कोच शॉन पेटनचं प्ले कॉलिंगच, म्हणजे कुठला डाव खेळायचा हे ठरवणंच चुकलं. खरं काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. रोबी-कोलमनने बॉलकडे वळूनही पाहिलं नव्हतं, आणि आपण लवकर पोचलो हे मॅचनंतर त्यानेच मान्य केलं. लीगनेही पेटनला फोनवर चूक कबूल केली. वर त्याच धडकेत हेल्मेटला हेल्मेट लागलं म्हणून रोबी-कोलमनला 26,739 डॉलरचा दंड झाला, म्हणजे दंड करण्याइतकं दिसलं पण मैदानावरच्या सातपैकी एकाही पंचाच्या खिशातून झेंडा निघाला नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

पण मित्राचंही ऐका. गोललाइनपासून 13 यार्डांवर फर्स्ट डाउन, म्हणजे चार प्रयत्नांतला पहिला, होता आणि खेळ घड्याळाशी होता. तिथे पेटनने आपल्या मायकल थॉमसकडे पास टाकायला लावला, तो हुकला, आणि पास हुकला की घड्याळ थांबतं. बॉल घेऊन सरळ पळाले असते तर रॅम्सना टाइमआउट जाळावा लागला असता, नाहीतर वेळ गेली असती. पुढे सेंट्सनी फील्ड गोल (किकचे तीन गुण) मारून 23-20 केलं तेव्हा दीड मिनिटाच्या वर वेळ बाकी होता, तेवढ्यात रॅम्सनी 48 यार्डांवरून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये सेंट्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) ड्रू ब्रीजचा पास रॅम्सनी मधेच पकडला, मग त्यांच्या झुअरलाइनने 57 यार्डांवरून किक मारून 26-23 केलं. तो पहिला पास मलाही खटकतो.

तरी दोन्ही एका तराजूत टाकू नका. कोचने डाव लावला, तो फसला, हा खेळाचाच भाग आहे, त्याची किंमत त्याची टीम मोजते. झेंडा पडला असता तर सेंट्सना गोललाइनजवळ नवीन चार डाउन मिळाले असते, घड्याळ संपवत आणून अगदी शेवटी किक मारता आली असती. ते त्यांच्या हातून कोणीतरी काढून घेतलं, आणि दाद मागायची सोयच नव्हती कारण पास इंटरफिअरन्सवर (बॉल पोचायच्या आधीच पास घेणाऱ्याला धडकण्यावर) तेव्हा रिव्ह्यू घेता येत नव्हता. आपल्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर एलबीडब्ल्यूला डीआरएसच नाही असं सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?

या एका चुकीमुळे 2019 च्या सीझनला तो रिव्ह्यू आणला, पण रिप्लेवाले निर्णय फिरवायलाच तयार नसत, कोच वैतागले, आणि 2020 मध्ये नियम गेला. माझ्या मते तो काढायला नको होता, नीट चालवायला हवा होता, निदान शेवटच्या दोन मिनिटांपुरता तरी. मित्राला एवढंच विचारा, पहिल्या डाउनला पेटन चुकला म्हणून तिसऱ्या डाउनचा फाउल माफ कसा होतो?