पऱ्हाटीच्या यंत्राआधी थकलेले पीककर्ज

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, कापूस विकून आलेल्या ३ लाख रुपयांतून २ लाख ४० हजारांचे ट्रॅक्टरचलित श्रेडर, म्हणजे पऱ्हाटीचा (वेचणीनंतर उरलेल्या कापसाच्या झाडांचा) चुरा करणारे यंत्र, घ्यावे काय. ट्रॅक्टर घरचा आहे, शेत १० एकर आहे, आणि विक्रेत्याने उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, इतरांच्या ३०० एकरांचे भाडे, निम्मे अनुदान, शिवाय पऱ्हाटी ब्रिकेटच्या (जळणाच्या विटांच्या) कारखान्याला विकून येणारे पैसे, असा हिशेब कागदावर मांडून दिला आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की, २ लाख ३० हजारांचे पीककर्ज कर्जमाफीच्या आशेने दोन वर्षांपासून थकले आहे. बँकेतच 'एफडीसारखीच आहे' म्हणून दिलेल्या विमा पॉलिसीचा ५० हजारांचा हप्ता मात्र दरवर्षी न चुकता जातो.

यंत्राचे आधी उरकतो. एकरी १,५०० रुपये भाड्यातून डिझेल, चालक आणि पाती वजा जाता तुमच्याच आकड्यांनुसार ८०० रुपये उरतात. सगळ्यांची पऱ्हाटी एकाच महिना-दीड महिन्यात निघते, म्हणून मी १०० एकरच धरतो. त्याचे ८० हजार होतात आणि यंत्राची किंमत विक्रेत्याच्या ३०० एकरांप्रमाणे एका नव्हे, तीन हंगामांत निघते. श्रेडरने चुरा करून जमिनीत मिसळलेली पऱ्हाटी कारखान्याला विकता येत नाही, एवढे तरी विक्रेत्याला ठाऊक असायला हवे होते. अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी लागते. आधी घेतलेल्या यंत्राला ते मिळत नाही.

खरी गळती दुसरीकडे आहे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर ७ टक्के व्याजातील ३ टक्के केंद्राच्या सवलतीने आणि आणखी ३ टक्के राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने परत मिळते, म्हणजे पैसा जवळजवळ बिनव्याजी वापरता येतो. तुम्ही तो सोडून थकबाकीवर, तुमच्या कर्जखात्याच्या उताऱ्याप्रमाणे, १२ टक्के भरत आहात. वर्षाचे सुमारे साडेसत्तावीस हजार. नवे कर्ज मिळत नाही म्हणून कृषी केंद्रातून घेतलेल्या ८० हजारांच्या उधारीवर महिना अडीच टक्क्यांनी आठ महिन्यांचे आणखी १६ हजार जातात. श्रेडरची निम्म्याहून अधिक कमाई इथेच संपली.

कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांनी २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आठवावी. तिची मर्यादा व्याजासह २ लाखांची होती, म्हणजे तुमचे खाते तिच्यात बसलेच नसते. नियमित फेडणाऱ्यांना मात्र तिच्यात ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठरली होती. पुढची योजना कोणत्या अटींची असेल, यावर घर चालवता येत नाही.

तेव्हा शाखेत जाऊन थकबाकी भरल्यावर खरिपासाठी किती कर्ज मिळेल ते लेखी घ्या आणि २ लाख ३० हजार भरून टाका. पॉलिसीचे तीन हप्ते गेले आहेत. पुढचे थांबवून ती पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच कमी रकमेची चालू, करता येते काय, हे कंपनीला विचारा. पाच टक्क्यांच्या आसपास परतावा आणि अवघे ५ लाखांचे संरक्षण यासाठी १२ टक्क्यांचे कर्ज अंगावर ठेवणे हा उफराटा व्यवहार आहे. संरक्षण हवेच असेल तर साधा मुदत विमा याहून कितीतरी स्वस्तात मिळतो.

उरलेल्या ७० हजारांतून यंदाची पऱ्हाटी भाड्याच्या श्रेडरने काढा, १५ हजार लागतील, आणि पुढच्या हंगामासाठी अनुदानाचा अर्ज आताच करून ठेवा. मात्र फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर आणखी कापूस घेण्याच्या, मोहात पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवू नका, कारण झाडावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरून राहते.