टेक्सासला निघालात? मग चर्चविषयी हे आधी वाच

सलाम. तुझा निरोप मिळाला. जावईबुवांची बदली डॅलसजवळच्या प्लेनोला झाली आहे, उन्हाळ्यात मुलाला घेऊन निघताय, आणि नगरच्या आपल्या मंडळीत वाढलेल्या माणसाने तिथल्या ‘इव्हॅन्जेलिकल’, म्हणजे बायबलच्या अधिकारावर आणि वैयक्तिक मनपरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जावं का, गेलं तर राजकारणात ओढले जाऊ का, असं तू विचारलंयस. घर, गाडी, शाळा यांचं सांगणारे तुला ढिगाने भेटतील. मी चर्चचंच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते: जरूर जा, मनापासून जा, पण सभासदत्वाच्या कागदावर सही करायची घाई करू नका. वर्षभर थांबलात तरी कुणी बाहेर काढत नाही.

आपल्या नगरकरांच्या डोक्यात एक समज पक्का बसलेला असतो, की अमेरिकन ख्रिस्ती म्हणजे आपल्या मिशनरी साहेबांची नातवंडं. तसं नाही. 1813 साली मुंबईत आलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि 1831 पासून नगरात ठाण मांडलेलं अमेरिकन मराठी मिशन हे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधले काँग्रिगेशनल पंथाचे लोक. त्यांचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट चालवतं, आणि ते तिथल्या सगळ्यात उदारमतवादी पंथांत मोडतं. समलिंगी विवाहाला त्यांच्या महासभेने 2005 मध्येच पाठिंबा दिला. टेक्सासात तुझी गाठ पडेल ती मुख्यतः बॅप्टिस्टांशी, नाहीतर कुठल्याच पंथाची पाटी न लावणाऱ्या अवाढव्य स्वतंत्र चर्चशी. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा तिथला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ. तो 1845 मध्ये वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादातून. त्याबद्दल माफी मागायला त्यांना 1995 उजाडलं. हे माहीत असलेलं बरं, कारण चर्चच्या माहितीपत्रकात ते नसतं.

पहिल्या रविवारी तू बावरशील. रस्त्यावर वाहतूक आवरायला पोलीस उभा, पार्किंगमध्ये पाहुण्यांसाठी राखीव जागा, दारात कॉफी, गाण्यांचा आवाज सोसत नसेल तर कानात घालायला बोळे. पाळक जीन्समध्ये, भजनं पडद्यावर, ना उपासनेचा छापील क्रम, ना विश्वासांगीकार सगळ्यांनी मिळून म्हणणं. उपदेश मात्र भरपूर, आणि लोक बायबल उघडून टिपणं काढतात. हे मला फार आवडतं. आपल्याकडे उपदेश सुरू झाला की घड्याळाकडे बघणारे किती, हे तुलाही ठाऊक आहे. प्रभुभोजन दर महिन्याला असेलच असं नाही. आणि कापणीच्या सणाचा तो लिलाव, एका भोपळ्यासाठी दोन काका हट्टाला पेटलेले, तो विसरायचा.

खरी अडचण येते बाप्तिस्म्याची. तुम्हा दोघांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरण झालं. बॅप्टिस्टांच्या लेखी तो बाप्तिस्माच नव्हे. कळत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवून झाला तरच खरा. सभासद व्हायचं तर बहुतेक ठिकाणी तो पुन्हा घ्यायला सांगतात, अगदी प्रेमाने सांगतात. आमच्याकडे यावरून घरात मोठी चर्चा झाली. ‘माझ्या आजोबांनी गावकीशी वैर पत्करून घेतलेला बाप्तिस्मा, त्याच घराण्यात मला मिळालेला, तो मी खोटा ठरवणार नाही,’ असं आमचे हे म्हणाले आणि विषय मिटला. तुम्ही काय ते ठरवा, पण निघण्याआधी ठरवा. तिथे स्टेजवरच्या हौदाशेजारी टॉवेल घेऊन उभं राहिल्यावर नको.

दुसरं, बायकांचं. आपल्या सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, बाई पाळक होऊ शकते. सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 च्या आपल्या विश्वासपत्रकात पाळकाचं पद पुरुषांपुरतंच ठेवलं, आणि 2023 मध्ये बायकांना पाळक केलं म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅकसारख्या प्रचंड चर्चला बाहेर काढलं. तुला शब्बाथशाळा शिकवायला मिळेल, बायकांचा अभ्यासवर्ग चालवायला मिळेल, पण मोठ्यांच्या सभेत उपदेश करायला मिळणं कठीण.

आता राजकारण. गोऱ्या इव्हॅन्जेलिकल मतदारांतले पाचातले चार जण ट्रम्प यांना मत देतात; 2016 पासून तिन्ही निवडणुकांत साधारण हेच. हे कायमचं असंच होतं असं समजू नकोस. गर्भपाताचंच बघ. 1971 मध्ये याच सदर्न बॅप्टिस्टांनी काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता! मग 1973 मध्ये गर्भपाताला देशभर मुभा देणारा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 1979 मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकाची मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी राहिली, त्याच वर्षी ह्यूस्टनच्या अधिवेशनापासून सनातन्यांनी कन्व्हेन्शन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पुढच्या ऑगस्टात डॅलसमध्येच रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रीगन हजारो पाळकांसमोर म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला आहे. त्यांचा रोख 1954 च्या कायद्याकडे होता: करमाफी घेणाऱ्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. 2025 च्या जुलैत खुद्द कर खात्यानेच कोर्टात सांगितलं, की उपासनेत पाळक आपल्या मंडळीशी बोलला तर तो या कायद्याचा भंग धरू नये. म्हणजे होती ती भिंतही खचली.

तरी व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव मी क्वचितच ऐकलं. राजकारण येतं ते कॉरिडॉरमधून. निवडणुकीचा नोव्हेंबर जवळ आला की व्हरांड्यात टेबल लागतं, त्यावर कोणता उमेदवार गर्भपाताबद्दल काय म्हणतो याची पत्रकं. 4 जुलैच्या रविवारी काही ठिकाणी स्टेजभर झेंडे आणि देशभक्तिपर गाणी. डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्टचा ‘फ्रीडम संडे’ त्यासाठी प्रसिद्धच आहे. राष्ट्रगीताला उभं राहायला माझी हरकत नाही, क्रुसाखाली झेंडा फडकवणं मला खटकतं. तिथे हे बोलून दाखवलं तर लोक चिडत नाहीत, बुचकळ्यात पडतात.

आणि हीच माणसं तुझ्या दाराशी सोफा घेऊन येतील. आमच्या चर्चच्या घरोघरी जमणाऱ्या छोट्या गटातले एक गृहस्थ पिकअप घेऊन आले, घामाघूम होत पलंग जिन्यावरून चढवून दिला, बायकोने केलेला कॅसरोल ठेवला, आणि जेवताना सीमा बंद करायला हवी म्हणून तावातावाने बोलले. आम्हीही बाहेरचेच की, म्हटल्यावर म्हणाले, ‘तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही कायद्याने आलात.’ पुढे 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बीसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी, एक लाख डॉलरची फी आली. ते कायद्याने येणाऱ्यांनाच लागू होतं, तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. मत बदललं नाही. मी बाळंतीण असताना तीन आठवडे डबे याच गटाने पोचवले. यातलं एक खरं आणि दुसरं ढोंग, असं मला वाटत नाही.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही एखाद्या रविवारी जाऊन ये. शिकवण बरीचशी तीच, तारण तेच, बायबलवरचा भरवसा तोच, आणि मतं जवळजवळ सगळी डेमोक्रॅटांना. एकाच शास्त्रातून दोन इतिहास कसे निघतात ते तिथे दिसतं.

तुला दोन प्रश्न हमखास विचारतील. ‘तुझं तारण कधी झालं?’ तारीख असेल तर सांग, नसेल तर घरातच विश्वासात वाढले म्हण. पटवून द्यायला जाऊ नकोस. दुसरा: ‘भारतात तुमचा फार छळ होतो ना?’ जे पाहिलंस तेवढंच सांग. नगरला नाताळात शेजारी फराळाला येतात हेही खरं, आणि धर्म बदललेल्या दलिताला 1950 च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत हेही खरं. हा दुसरा भाग समजवायला वेळ लागतो, कारण जात कशाशी खातात हेच त्यांना ठाऊक नसतं.

मुलाच्या बाबतीत मात्र भीड धरू नकोस. 2022 मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वरच्या पदाधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाबल्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून मुलांच्या वर्गात दोन मोठी माणसं असतात का, दाराला काच आहे का, शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी होते का, हे थेट विचार. चांगल्या चर्चला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर उत्तर मिळालंच.

सीएनआयच्या उपासनेची सवय सोडवत नसेल तर प्लेनोत अँग्लिकन मंडळ्या आहेत. प्रेस्बिटेरियनही बाळाचा बाप्तिस्मा मानतात. केरळच्या मार थोमा पंथाच्या मल्याळी मंडळ्या डॅलसभर आहेत, भाषा कळली नाही तरी जेवण कळतं. मेथडिस्ट पाटी पाहून मात्र चौकशीशिवाय आत शिरू नका. समलिंगी विवाहाच्या वादावरून 2019 ते 2023 मध्ये त्यांची जवळपास पाव चर्चेस बाहेर पडली, टेक्सासात तर पुष्कळ. शेजारच्या दोन मेथडिस्ट चर्चमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

दशांशासाठी, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा चर्चला द्यायला, अॅप असतं. पावती वर्षअखेर येते, ती करासाठी जपून ठेव. येताना सीएनआयच्या पाळकांचं शिफारसपत्र आणि तिघांचे बाप्तिस्म्याचे दाखले घेऊन ये. घराचा पत्ता पक्का झाला की कळव, म्हणजे वीस मिनिटांच्या अंतरातल्या तीन-चार चर्चची नावं काढून ठेवते.